अंगठा, हजेरी आणि नुकसानभरपाई

कामगारांचा इतिहास सांगताना आपण साधारणपणे संपांचा इतिहास सांगतो. १९२८ चा गिरणी संप, ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप. हा सामुदायिक लढ्याचा इतिहास आहे आणि तो लिहिला गेलाच पाहिजे. परंतु कामगारांचा आणखी एक इतिहास आहे आणि तो एकेकट्या माणसाचा आहे. यंत्रात हात सापडला, पहाडावरून पाय घसरला, गटारात उतरलेला माणूस वर आला नाही. त्यानंतर तो माणूस किंवा त्याची विधवा भरपाई आयुक्तासमोर उभी राहते. मोर्चा नाही, घोषणा नाही, लाल किंवा निळा झेंडा नाही. हातात एक प्लास्टिकची पिशवी आणि त्यात कागद. या लढ्याचा इतिहास कोणी लिहीत नाही, कारण तो लढणाऱ्याकडे लिहिण्याचे साधन नसते आणि ज्यांच्याकडे साधन असते त्यांना तो इतिहास वाटत नाही.

या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. नुकसानभरपाईच्या सुनावणीत खरा वाद जखमेबद्दल क्वचितच असतो. तुटलेले बोट सर्वांना दिसते. वाद असतो तो हा माणूस कामगार होता की नाही, याबद्दल. आणि तो कामगार होता हे सिद्ध करणारा कागद मालकाच्या कपाटात असतो. श्रम घ्यायचे पण श्रमाची नोंद ठेवायची नाही, ही पद्धत कारखान्याने शोधून काढलेली नाही. ती या देशाच्या जातिव्यवस्थेने शतकानुशतके चालवलेली पद्धत आहे. म्हणून सुनावणीची तयारी म्हणजे केवळ वकिली काम नव्हे. ज्याची नोंद कोणी ठेवली नाही त्याचा इतिहास पुराव्यानिशी उभा करण्याचे ते काम आहे.

मागणी आधीची, कायदा नंतरचा

अपघाताची भरपाई ही इंग्रज सरकारने दिलेली देणगी आहे, असे पाठ्यपुस्तके वाचून वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १८८४ साली रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक. त्या निवेदनातली रविवारच्या सुटीची मागणी आपल्याला माहीत आहे, कारण पुढे १८९० मध्ये ती मान्य झाली. दुपारी अर्ध्या तासाची सुटी आणि वेळेवर पगार या मागण्याही अधूनमधून सांगितल्या जातात. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी, ही ती मागणी.

वर्ष १८८४. त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा केला. इंग्लंडमध्ये कामगार भरपाईचा कायदा व्हायला १८९७ साल उजाडले. म्हणजे मुंबईच्या चाळीत राहणारा, बहुतांशी निरक्षर असलेला गिरणी कामगार ही मागणी करत होता, तेव्हा साम्राज्याच्या राजधानीतही तो हक्क अस्तित्वात नव्हता. ज्यांना आपण 'अडाणी पूर्वज' म्हणतो त्यांच्या विचाराची ही झेप होती. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुटी दिली, बायकांच्या व मुलांच्या कामाचे तास बांधले. जखमी कामगाराच्या वाट्याला मात्र काही आले नाही. मागणीनंतर ३९ वर्षांनी, १९२३ साली, 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट' मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. या ३९ वर्षांत मुंबईत किती बोटे गेली, किती हात गेले, याचा हिशेब कोणत्याही स्मारकावर कोरलेला नाही.

या कायद्यापूर्वी स्थिती काय होती? इंग्रजी न्यायशास्त्राने मालकाला तीन ढाली दिल्या होत्या. पहिली, अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला तर मालक जबाबदार नाही. ही ढाल १८३७ च्या एका इंग्लिश निकालापासून चालत आलेली. दुसरी, धोका माहीत असूनही कामगाराने काम पत्करले, म्हणजे धोकाही पत्करला. तिसरी, कामगाराची स्वतःची थोडी जरी चूक असली तरी दावा संपला. १९२३ च्या कायद्याने या ढाली बाजूला सारल्या. चूक कोणाची हा प्रश्नच त्याने मुख्य ठेवला नाही. दुखापत 'कामातून आणि कामाच्या ओघात' झाली असेल तर मालकाने भरपाई द्यायची. तत्त्व म्हणून हे मोठे पाऊल होते, हे मान्य केलेच पाहिजे.

शरीराचा दरफलक

पण कायद्याने भरपाई कशी मोजली ते पाहण्यासारखे आहे. कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात शरीराच्या एकेका भागापुढे टक्केवारी लिहिली होती. १९२३ च्या मूळ परिशिष्टात कोपरापासून वरचा उजवा हात गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. इतर कोणतेही बोट ५. ही टक्केवारी कशाची? पूर्ण अपंगत्वाची भरपाई ४२ महिन्यांचा पगार धरलेली होती, त्यावरही साडेतीन हजार रुपयांची मर्यादा. म्हणजे अंगठ्याची किंमत साडेदहा महिन्यांचा पगार आणि करंगळीची किंमत दोन महिन्यांहून थोडी जास्त. पुढे परिशिष्ट बदलले, अंगठा ३० टक्के झाला, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटे गेली तर २० आणि चारही गेली तर ५०.

एकलव्याच्या अंगठ्याला दर नव्हता. तो गुरुदक्षिणा म्हणून फुकट घेतला गेला. त्या मानाने कायद्याने अंगठ्याला दर दिला ही प्रगतीच म्हणावी लागेल. पण या दरफलकात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आपल्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटते. टक्केवारी सर्वांना सारखी असली तरी ती पगाराची टक्केवारी आहे. जितका पगार कमी तितके बोट स्वस्त.

आता मुंबईच्या गिरण्या आठवा. साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार चांगला. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि महाराच्या तोंडाला लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड कसे लावणार? १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे रोखठोक ठेवला होता. महार कामगार प्रामुख्याने रिंगच्या, म्हणजे सूतकताईच्या, कमी पगाराच्या खात्यात कोंबला गेला. मग अपघात झाल्यावर काय होई? साळखात्यातल्या कामगाराची तर्जनी दहा टक्के आणि रिंगमधल्या महार कामगाराची तर्जनीही दहा टक्के. कायदा जात विचारत नव्हता. पण पगार जातीने आधीच ठरवलेला होता आणि कायदा पगार विचारत होता. अशा रीतीने विटाळ बोटाच्या किमतीत उतरला. समतेची भाषा बोलणारा कायदा विषमतेचा हिशेब कसा बिनबोभाट पुढे चालवतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

कामगार कोण?

कायद्याचा दुसरा दरवाजा म्हणजे व्याख्या. १९२३ च्या कायद्यात 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतून एक प्रकारचा माणूस वगळला होता: ज्याचे काम नैमित्तिक स्वरूपाचे आहे आणि जो मालकाच्या धंद्यासाठी नव्हे तर अन्य कामासाठी लावलेला आहे. वाचताना हे वाक्य निरुपद्रवी वाटते. पण गावात आणि शहरात असा माणूस कोण होता याचा विचार करा. बंगल्याच्या आवारातले झाड तोडायला बोलावलेला. सोसायटीची संडासाची टाकी उपसायला बोलावलेला. मेलेले जनावर ओढून न्यायला बोलावलेला. ही कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात बांधली गेली, तेच लोक व्याख्येबाहेर राहिले. ही अट २००० सालच्या दुरुस्तीने निघाली. १९२३ ते २०००, म्हणजे ७७ वर्षे. या काळात देशात घटना आली, अस्पृश्यता कायद्याने संपली आणि तरीही टाकीत उतरणारा माणूस भरपाईच्या कायद्यापुरता 'कामगार' नव्हता.

याची मुळे वतनात आहेत. गावचा महार रात्री-अपरात्री सरकारी टपाल घेऊन चालत जाई, साहेबाचे सामान वाही, शिवेचे भांडण झाले की साक्षीला उभा राही. वाटेत साप चावला, पुरात वाहून गेला, तर तो कोणाचा नोकर? सरकार म्हणे, तो गावचा. गाव म्हणे, तो सरकारचा. पोटाला मिळे ते बलुते, आणि बलुत्याची पावती नसते. कामाचे तास नाहीत, कामाची यादी नाही, मालकाचे नाव नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे बिल आणले, तेव्हा त्यांचा एक मुख्य आग्रह हाच होता की काम निश्चित करा आणि त्याचा मोबदला निश्चित करा. वतन संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. पण वतनातली ती युक्ती, म्हणजे काम घ्यायचे आणि मालक कोण ते धूसर ठेवायचे, ती संपली नाही. तिला आज 'ठेकेदारी' म्हणतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार केली आणि १९४४ मध्ये अहवाल दिला. त्या पायावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. या कायद्याचे मर्म असे की जखमी कामगाराने मालकाशी एकट्याने भांडू नये, विमा निधीने त्याला द्यावे. विचार योग्य होता. पण त्यासाठीही कामगाराचे नाव आधी नोंदले जायला हवे, त्याच्या नावे वर्गणी भरली जायला हवी. पुन्हा आपण कागदाशीच येऊन थांबतो.

तयारी

आता मी जे जवळून पाहिले ते सांगतो. १९२३ चा कायदा अमलात होता तेव्हाची, काही वर्षांपूर्वीची ही हकिकत आहे. मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे शेताचा सातबारा असो, दवाखान्याचे बिल असो की कोर्टाचे समन्स, कागद माझ्याकडे येतो. माझा चुलतभाऊ औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर काम करत होता. सात-आठ माणसांची शेड. पत्र्याचे भाग छापून मोठ्या कारखान्याला पुरवायचे. एका रात्रपाळीत प्रेस खाली आला आणि दादाच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले. मालकाने खाजगी दवाखान्याचे बिल भरले, हातात थोडे पैसे ठेवले आणि एका स्टॅम्प पेपरवर अंगठा घेतला. दादाला सही येते. पण सही करायची बोटे पट्टीत होती, म्हणून डाव्या हाताचा अंगठा. दीड महिन्याने तो कामावर गेला तेव्हा त्याला सांगितले गेले, आता तुझे काय काम?

आम्ही दावा लावला. मालकाची कैफियत आली. वकिलांच्या टेबलावर ती मी वाचली तेव्हा मला ती परकी वाटली नाही. शंभर वर्षांच्या निकालांत जी उत्तरे आहेत तीच चार उत्तरे होती. एक, हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराने आणला असेल. दोन, त्याने स्वतः यंत्राचा गार्ड काढला. तीन, पगार महिना सहा हजार होता. चार, सर्व देणे चुकते करून समजुतीचा कागद झाला आहे. या चार उत्तरांना चार प्रकारचा पुरावा लागतो आणि तो तारखेच्या दिवशी जन्माला येत नाही.

पहिल्या उत्तरासाठी आम्ही दादा कामगार असल्याच्या खुणा गोळा करायला लागलो. हजेरीचे मस्टर मालकाकडे. नेमणूकपत्र कधी मिळालेच नव्हते. मग आम्ही दवाखान्यातून केसपेपरची नक्कल घेतली. दाखल करताना डॉक्टरांनी जखम कशी झाली त्या जागी 'प्रेस मशिनमध्ये हात सापडला' असे लिहिले होते. हे एक वाक्य फार मोलाचे ठरले, कारण ते वाद सुरू होण्याआधी, त्रयस्थ माणसाने, त्याच रात्री लिहिलेले होते. मी वर्गात मुलांना समकालीन साधनाचे महत्त्व शिकवतो, ते हेच. बँकेच्या पासबुकात तीन महिन्यांच्या पगाराच्या नोंदी सापडल्या. बाकी पगार रोख. आणि वहिनींनी मोबाइलमधला एक फोटो काढून दिला. खंडेनवमीची यंत्रपूजा. प्रेसला झेंडूची माळ, पुढे नारळ, मध्ये मालक आणि कडेला टिळा लावलेला दादा. ज्या यंत्राची पूजा करायला तो चालला, त्या यंत्रावर तो कामाला नव्हता असे आता मालक म्हणत होता.

साक्षीदारांचा प्रश्न अवघड होता. जे अजून शेडमध्ये होते ते रस्त्यात भेटले तरी मान खाली घालत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांची चूल त्याच शेडवर चालत होती. काम सोडून गेलेले दोघे शेवटी उभे राहिले. त्यातला एक मराठा समाजाचा होता. हे मुद्दाम लिहितो, कारण कामगार म्हणून माणूस माणसाच्या बाजूला उभा राहतो तेव्हा त्याचीही नोंद झाली पाहिजे.

'गार्ड काढला' या उत्तरासाठी कायदा नीट वाचावा लागतो. दारूच्या नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणे, सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढणे, एवढ्याच कारणांनी मालकाला सूट मिळे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही नाही. साधा निष्काळजीपणा त्यात बसत नाही. पण इथेच माझी खरी परीक्षा झाली. उलटतपासणीची तयारी म्हणून मी दादाला विचारले, अपघात कसा झाला? तो म्हणाला, "माझंच चुकलं रे, लक्ष नव्हतं. नशिबात होतं." मी पुन्हा विचारले, पुन्हा तेच. बारा तासांची पाळी, उत्पादनाचा आकडा भरण्याची घाई, गार्ड महिनाभर मोडून कोपऱ्यात पडलेला, हे सगळे त्याला माहीत होते. पण ते त्याच्या उत्तरात येत नव्हते. साहेबासमोर उभे राहिले की आपली चूक आधी कबूल करायची, ही सवय एका माणसाची नाही. ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या पाठीच्या कण्यातून आलेली आहे. आम्ही त्याला खोटे काही शिकवले नाही. घडले ते क्रमाने सांगायला शिकवले: किती वाजता कामावर गेलास, आधीची पाळी कधी संपली होती, गार्ड कुठे होता, कोणी काय सांगितले. नशीब हा शब्द काढून टाकल्यावर घटनेची कारणे आपोआप दिसू लागली. दादाला स्वतःलाही ती पहिल्यांदा दिसली.

तिसरे उत्तर पगाराचे. ते किरकोळ वाटते, पण तेच सर्वांत महाग पडते. कायद्याचा हिशेब असा होता: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, आणि त्याचे अपंगत्वाइतके टक्के. समजा वय ३५, गुणक १९७.०६ आणि दोन बोटांचे २० टक्के. पगार १२,००० सिद्ध झाला तर भरपाई २,८३,७६६ रुपये होते. तोच पगार ६,००० धरला तर १,४१,८८३. रोख पगाराची चिठ्ठी नाही, एवढ्या एका कारणाने माणसाचे एक बोट जवळजवळ फुकट जाते. आणि पगार कितीही असला तरी हिशेबासाठी मर्यादा होती. जानेवारी २०२० मध्ये ती महिना १५,००० करण्यात आली.

चौथे उत्तर समजुतीच्या कागदाचे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानेच निरर्थक ठरवला होता, आणि समजूत झाली तरी तिची आयुक्तांकडे नोंद व्हावी लागे. तशी नोंद नव्हती. अंगठा घेतलेला तो स्टॅम्प पेपर भिंतीवर चिकटवण्याच्याही कामाचा नव्हता. पण असे कागद दाखवून किती लोकांना दावा लावण्यापूर्वीच परत पाठवले गेले असेल! दावा लावण्याची मुदत दोन वर्षांची. मालक गोड बोलून दोन वर्षे काढतो आणि मग कागद दाखवतो.

साडेतीन वर्षांनी निकाल लागला. दादा कामगार होता हे मान्य झाले. पगार मात्र किमान वेतनाच्या दराने धरला गेला, कारण जादा पाळीच्या रोख पैशाला पुरावा नव्हता. आम्ही जिंकलो आणि जिथे कागद नव्हता तिथे हरलो.

न्यायालये काय म्हणतात

आपल्या कार्यकर्त्यांनी न्यायालयाचे निकाल इतिहासाची साधने म्हणून वाचावेत असे मला वाटते. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या बेस्टच्या एका ड्रायव्हरच्या विधवेच्या बाजूने निकाल दिला. पाळी संपवून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी जात होता आणि अपघातात गेला. घरी जाणे हेही त्याच्या नोकरीच्या ओघात येते, असे न्यायालयाने धरले. उलट १९५८ मध्ये सौराष्ट्रातल्या मिठाच्या कारखान्याचे मजूर खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले, तेव्हा ती होडी सार्वजनिक होती म्हणून भरपाई नाकारली गेली. १९६९ मध्ये जहाजावरून नाहीसा झालेल्या खलाशाच्या प्रकरणात, मृत्यू कामातूनच घडला हे सिद्ध करण्याचा भार दावेदारावर टाकून भरपाई नाकारली गेली. भर समुद्रात रात्री काय घडले याचा पुरावा किनाऱ्यावरच्या कुटुंबाने कुठून आणायचा?

१९७५ चा निकाल मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. दरफलकाप्रमाणे ते अंशतः अपंगत्व होते. न्यायालय म्हणाले, एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व आहे. आणि भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते. अवयवाकडे न पाहता माणसाच्या कामाकडे पाहिले की हिशेब बदलतो, हा या निकालाचा धडा आहे. त्यामुळे सुनावणीच्या तयारीत डॉक्टरांच्या दाखल्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा माणूस नेमके काय काम करत होता आणि आता त्यातले काय करू शकत नाही, याचे तपशीलवार वर्णन.

गटारापर्यंत

हा सगळा इतिहास शेवटी गटाराच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. गटारात गुदमरून मरणारे कोण असतात हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम तीस लाख झाली, आणि कायमचे अपंगत्व आले तर किमान वीस लाख. या आदेशांचे मोल मोठे आहे, कारण इथे रक्कम पगारावर बेतलेली नाही. ज्याचा पगार जातीने शून्याजवळ आणून ठेवला त्याच्या जीवाची किंमत त्या पगारावरून काढायची नाही, हे तत्त्व पहिल्यांदा एवढ्या स्पष्टपणे मान्य झाले. १९२३ च्या दरफलकाला हे खरे उत्तर आहे.

तरीही सिद्ध काय करावे लागते? तो गटारात उतरला, कोणीतरी उतरवले आणि त्यासाठीच मेला. ठेकेदार म्हणतो, स्वतःहून उतरला. सोसायटी म्हणते, आम्ही ठेकेदाराला सांगितले होते. नगरपालिका म्हणते, आमच्या यादीत नाव नाही. गाव आणि सरकार यांच्यामध्ये वतनदार महार जसा कोणाचाच नव्हता, तसाच हाही कोणाचाच नसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ढाचा बराचसा तोच राहिला. घरून कामावर जाता-येतानाचा अपघात, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, त्यात स्पष्टपणे आला आहे. त्याच वेळी लागू झालेल्या व्यवसायसुरक्षेच्या संहितेने नेमणूकपत्र देण्याचे बंधन घातले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण ती संहिता मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. दादाच्या शेडमध्ये सात-आठ माणसे होती. गटारात दोन किंवा तीन उतरतात.

आपले काम

म्हणून माझे म्हणणे चळवळीला आहे, आणि विशेषतः माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या शिक्षकांना आहे. आपण शिकलो ते कागदाच्या जोरावर: दाखला, जातीचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज. कागदाची ताकद आपल्याइतकी कोणाला कळत नाही. ती ताकद वस्तीत परत नेली पाहिजे. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक कामगाराने एक वही ठेवावी: तारीख, पाळी, ठेकेदाराचे नाव, जागा, रोख मिळालेले पैसे. अपघात झाला तर दवाखान्यात दाखल करताना कामाचे ठिकाण आणि कारण लिहून घेतलेच पाहिजे. तिथे घरी पडलो असे लिहिले गेले तर पुढे ते पुसता येत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. मालकाला लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच जपावी. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या भागातले जुने भरपाईचे निकाल, कैफियती आणि साक्षी गोळा कराव्यात. आपल्या बापजाद्यांनी काय काम केले, किती पगारात केले आणि त्यात काय गमावले, याची सर्वांत खरी साधने त्या पिवळ्या फायलींत पडलेली आहेत. त्या रद्दीत गेल्या तर तो इतिहासही रद्दीत जाईल.

१८८४ साली साडेपाच हजार कामगारांनी एका निवेदनावर सह्या केल्या. त्यातल्या पुष्कळांनी अंगठेच उठवले असतील. त्यांनी पूर्ण पगार आणि जन्माची सोय मागितली होती. आपल्याला मिळाली ती टक्केवारी. त्यांच्या निवेदनातले हे कलम अजून मान्य व्हायचे आहे.